यंत्रे मोजून झाली, आता मुलांना काय येते ते पाहू

दरवर्षी शाळांना यू-डायस प्लसचे प्रपत्र भरावे लागते. डेस्कटॉप किती, लॅपटॉप किती, टॅब किती, प्रोजेक्टर आणि स्मार्ट टीव्ही किती, त्यांतले चालू किती, इंटरनेट आहे की नाही, असे रकाने त्यात असतात. मुख्याध्यापक किंवा शाळेतले ‘तंत्रस्नेही’ गुरुजी ते भरतात, आकडे तालुक्याला जातात, तिथून वर सरकत दिल्लीला पोचतात आणि देशाचा अहवाल निघतो. २०२३-२४ च्या अहवालात ५७.२ टक्के शाळांमध्ये संगणक आणि ५३.९ टक्के शाळांमध्ये इंटरनेट होते. २०२४-२५ मध्ये हेच आकडे ६४.७ आणि ६३.५ झाले. एका वर्षातली ही वाढ चांगलीच म्हणायची. पण आठवीतल्या मुलीला त्या संगणकावर बसवले तर ती काय करू शकेल, याचे उत्तर त्या जाडजूड अहवालात कुठेच नाही.

हा एका अहवालाचा दोष नाही. शाळांमधल्या तंत्रज्ञानाचे आपले सगळे मोजमाप गेली चाळीस वर्षे वस्तूंच्या यादीभोवती फिरत आले आहे. यंत्र आहे का, हा पहिला प्रश्न. मुलांना आणि शिक्षकांना ते वापरता येते का, हा दुसरा. त्याच्या वापरामुळे गणित, भाषा, विज्ञान जास्त चांगले शिकले गेले का, हा तिसरा. तिन्ही प्रश्न वेगळे आहेत आणि एकाचे उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही. आपण मात्र पहिल्याचे उत्तर मिळाले की उरलेले दोन सुटले असे धरून चालतो.

याची सुरुवात १९८४-८५ मध्ये झाली. केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पात देशातल्या निवडक शाळांना ब्रिटनहून आलेले बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. संगणक साक्षरता म्हणजे यंत्राची ओळख आणि बेसिक भाषेतल्या चार ओळी, एवढाच तेव्हाचा अर्थ. पुढे २००४ मध्ये ‘आयसीटी अ‍ॅट स्कूल’ ही योजना आली, २०१० मध्ये ती सुधारली गेली आणि २०१८ मध्ये समग्र शिक्षा अभियानात विलीन झाली. महाराष्ट्रात या योजनेच्या प्रयोगशाळा बऱ्याच ठिकाणी ‘बूट’ पद्धतीने, म्हणजे कंपनीने उभारायच्या, चालवायच्या आणि मुदतीनंतर शाळेच्या ताब्यात द्यायच्या, अशा कंत्राटावर आल्या. लॅब उभी आहे का, यंत्रे चालू आहेत का, संगणक निदेशक हजर आहे का, एवढे पाहून बिले निघत. मुदत संपली की निदेशक घरी जाई, यंत्रे शाळेच्या नावावर होत आणि लॅबच्या दाराला कुलूप लागे. पुढच्या वर्षीच्या प्रपत्रात मात्र संगणकांची संख्या तशीच भरलेली असे.

कागदावर विचारच झाला नव्हता असे नाही. २०१२ च्या शालेय शिक्षणातील माहिती-संप्रेषण तंत्रज्ञानविषयक राष्ट्रीय धोरणाने कौशल्यांच्या प्राथमिक, मध्यम आणि प्रगत अशा पातळ्या आखून दिल्या. एनसीईआरटीने विद्यार्थ्यांसाठी आणि शिक्षकांसाठी वेगळा अभ्यासक्रमही तयार केला. त्या पातळ्या पडताळणारी राष्ट्रीय चाचणी मात्र उभी राहिली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ‘परख’ या राष्ट्रीय मूल्यमापन केंद्राने तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांचे देशव्यापी सर्वेक्षण केले. त्यात भाषा होती, गणित होते, नववीला विज्ञान आणि सामाजिक शास्त्रही होते. यंत्रावर बसून काही करून दाखवायचे नव्हते. जिल्ह्यांची प्रतवारी करणाऱ्या निर्देशांकात ६०० पैकी ५० गुण ‘डिजिटल लर्निंग’ला आहेत, पण ते मुख्यतः सोयींची उपलब्धता आणि प्रशिक्षण यांवर मिळतात.

महाराष्ट्राची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण इथे लाट खालून आली. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झाला. त्याच सुमारास शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाडा या आदिवासी पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेचे नाव गाजू लागले. दप्तराऐवजी टॅब घेतलेली मुले पाहायला राज्यभरातून शिक्षक तिथे जाऊ लागले. परत आले की गावात सभा, लोकवर्गणी, प्रोजेक्टर, फळ्याशेजारी पांढरा पडदा. शिक्षकांनी पदरचे पैसे घातले, यात्रेच्या वर्गणीतला वाटा शाळेकडे वळला, माजी विद्यार्थ्यांनी टीव्ही दिला. सरकारी आदेशाशिवाय गावांनी आपणहून शाळेसाठी एवढे केल्याची उदाहरणे अलीकडच्या काळात फार नाहीत आणि या उत्साहाची टिंगल करण्याचे काही कारण नाही.

पण लाट मोजायची वेळ आली तेव्हा पुन्हा वस्तूच मोजल्या गेल्या. शाळेत पडदा आला की शाळा डिजिटल, तालुक्यातल्या सगळ्या शाळांत पडदे आले की तालुका शंभर टक्के डिजिटल, मग जिल्हा. त्या पडद्यावर काय दिसते, कोण बघते, बघून झाल्यावर मूल काय करते, हे विचारणारा रकाना नव्हता. कित्येक ठिकाणी पडद्यावर पाठ्यपुस्तकातलीच कविता चालीत वाजत होती आणि मुले माना हलवत होती. विजेचे बिल कोणी भरायचे, हा प्रश्नही त्या मोजमापाच्या बाहेरच राहिला. थकबाकीमुळे जोडणी तोडलेल्या आणि तरीही दप्तरी डिजिटल असलेल्या शाळांच्या बातम्या त्यानंतर अनेकदा छापून आल्या.

याच काळात क्यूआर कोडची कल्पना पुढे आली. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकातल्या धड्याला क्यूआर कोड जोडायचा प्रयोग केला, बालभारतीच्या पुस्तकांत तो उतरला आणि २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार डिसले यांना मिळाला. २०१७ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘दीक्षा’ मंचाने हीच वाट देशभर नेली. कल्पना साधी, स्वस्त आणि पुस्तकाला धरून आहे, म्हणून मला ती पडद्यापेक्षा बरी वाटते. तिचे यश मात्र किती वेळा स्कॅन झाले, किती मिनिटे पाहिले गेले, अशा संख्यांत सांगितले जाते. धडा उघडला गेला एवढेच त्या संख्येवरून कळते. तो समजला की नाही, यासाठी मुलाशी बोलावे लागते.

शिक्षकांचे कौशल्य मोजण्याचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा प्रयोग म्हणजे एमएस-सीआयटी. एमकेसीएलचा हा अभ्यासक्रम २००१ च्या सुमारास सुरू झाला आणि गावोगावच्या केंद्रांतून लाखो लोक तो शिकले. या राज्यातल्या किती माणसांचा हात माऊसला पहिल्यांदा तिथे लागला, याचा हिशेब करायचा तर त्याचे श्रेय मोठेच आहे. पण सरकारी नोकरांना आणि शिक्षकांना तो मुदतीत पूर्ण करण्याची सक्ती झाली, मुदत चुकलेल्यांच्या वेतनवाढी अडल्या, वसुलीची पत्रे निघाली आणि वाद न्यायालयांपर्यंत गेले. त्यानंतर प्रमाणपत्राचा अर्थ सेवापुस्तकातली एक नोंद एवढाच उरला. वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंट येणे म्हणजे सातवीच्या वर्गाला अपूर्णांक शिकवताना त्यांचा उपयोग करता येणे नव्हे. पहिले तपासणे सोपे आहे, म्हणून तेवढेच तपासले गेले.

अभ्यासकांनी या दुसऱ्या गोष्टीसाठी चौकटी केल्या आहेत. मूळचे भारतीय असलेले पुण्य मिश्रा आणि त्यांचे सहकारी मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये मांडलेली ‘टीपॅक’ चौकट सर्वांत परिचित आहे. विषयाचे ज्ञान, शिकवण्याचे ज्ञान आणि तंत्रज्ञानाचे ज्ञान ही तिन्ही जिथे एकत्र येतात तिथेच खरे काम होते, असे ती सांगते. युनेस्कोने शिक्षकांसाठीच्या चौकटीच्या २०१८ च्या आवृत्तीत अठरा क्षमता तीन पातळ्यांवर मांडल्या. युरोपीय संघाचे ‘सेल्फी’ हे साधन शाळेतल्या शिक्षकांना, मुलांना आणि प्रमुखांना वेगवेगळे प्रश्न विचारून त्यांची उत्तरे शेजारीशेजारी ठेवते. मुख्याध्यापक म्हणतात आमच्याकडे रोज वापर होतो आणि मुले म्हणतात महिन्यातून एकदा, अशी तफावत त्यात लगेच उघडी पडते. आपल्या शाळांनी उचलावी अशी ही युक्ती आहे.

या चौकटींचे आपल्याकडे काय होते? ‘मी माझ्या विषयात तंत्रज्ञानाचा प्रभावी वापर करू शकतो’ असे वाक्य आणि पुढे पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत पाच चौकोन. एम.एड.चे प्रबंध असोत की प्रशिक्षणानंतरचे अभिप्राय, साचा हाच. पाच चौकोनांतला कुठला निवडला की बरे दिसेल, हे शिक्षकाला चांगले कळते. ज्याला कमी येते त्याला आपल्याला कमी येते हे ठाऊक नसते आणि ज्याला बरेच येते तो संकोचाने मधला चौकोन निवडतो. स्वतःविषयीचे मत आणि प्रत्यक्ष काम यांत अंतर असतेच. पोहता येते का, याची लेखी परीक्षा घेण्यातला हा प्रकार आहे.

प्रत्यक्ष करून दाखवायला लावणारी मोजमापे जगात आहेत. त्यांतले सर्वांत भक्कम म्हणजे आयसीआयएलएस हा आंतरराष्ट्रीय अभ्यास. तो २०१३, २०१८ आणि २०२३ मध्ये झाला. आठवीच्या मुलांना संगणकासमोर अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन कामांना बसवतात. माहिती शोध, दोन स्रोतांत विश्वासार्ह कोणता ते ठरव, मिळालेल्या मजकुरातून अमुक वाचकांसाठी पान तयार कर, अशी ती कामे असतात. लहानपणापासून उपकरणांत वाढलेली मुले आपोआप कुशल होतात, हा समज या अभ्यासाने मोडीत काढला. २०२३ मध्ये युरोपीय संघातल्या सुमारे ४३ टक्के मुलांना प्राथमिक पातळीसुद्धा गाठता आली नाही. ज्यांच्या घरी, शाळेत, खिशात उपकरणे आहेत त्या देशांची ही अवस्था. भारताने या अभ्यासात भाग घेतलेला नाही.

आपल्याकडे हे काम सरकारने केले नाही, एका स्वयंसेवी संस्थेने केले. ‘प्रथम’च्या ‘असर’ सर्वेक्षणाने २००५ पासून घरोघरी जाऊन मुलांना परिच्छेद वाचायला लावला आणि शाळेत नाव असणे म्हणजे वाचता येणे नव्हे, हे देशाला दाखवून दिले. तोच शिरस्ता त्यांनी मोबाइलला लावला. २०२३ च्या ‘असर’मध्ये चौदा ते अठरा वयोगटातल्या ३४,७४५ मुलामुलींना गाठले. घरी चालणारा फोन असेल तर तो आणायला सांगितला आणि त्यावर चार कामे दिली: अमुक वेळेचा गजर लाव, एका प्रश्नाचे उत्तर इंटरनेटवर शोध, यूट्यूबवर अमुक व्हिडिओ शोधून पाठव, नकाशावर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला किती वेळ लागेल ते सांग. व्हिडिओ सुमारे ऐंशी टक्क्यांना सापडला. गजर दोन तृतीयांश मुलांना लावता आला. नकाशाचे काम एक तृतीयांशांहून थोड्या अधिक मुलांना जमले. (नकाशा जमला नाही म्हणून खेड्यात फारसे कोणी हळहळणार नाही. तिथे रस्ता विचारायला माणसे असतात. काम निवडताना ते कोणाच्या आयुष्यातले आहे, हा विचार करावाच लागतो.)

त्या सर्वेक्षणातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आकडा फोन कोणाचा, हा आहे. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी फक्त १९.८ टक्क्यांकडे. आणि चारही कामांत मुली मागे होत्या. आता याच्या शेजारी आयसीआयएलएसचा निष्कर्ष ठेवा. तिथे माहिती शोधणे, पारखणे, मांडणे यांत मुली सातत्याने मुलांच्या पुढे राहिल्या आहेत. दोन्हीकडची कामे सारखी नाहीत, वयेही वेगळी आहेत, हे मान्य. तरीही आपल्या मुली कशामुळे मागे पडतात याचा अंदाज यावरून बांधता येतो. भावाचा अभ्यास आणि भावाचा खेळ झाल्यावर जो फोन हातात येतो, त्यावर कोणाचे कौशल्य वाढणार? मुलींसाठी शाळेतला संगणक हा घरातल्या फोनला जोडीचा नसतो, अनेकींसाठी तो एकुलता एक असतो. लॅबला कुलूप लागले की सर्वांत मोठे नुकसान त्यांचे होते. कोणत्याही मोजमापात मुले आणि मुली यांचे आकडे वेगळे मांडले नाहीत तर हे दिसतच नाही.

२०२४ च्या ‘असर’ने चौदा ते सोळा वयाच्या मुलांना सुरक्षिततेचेही प्रश्न विचारले. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरलेली मुले ५७ टक्के होती, समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के. त्यांपैकी एखादे प्रोफाइल ब्लॉक किंवा रिपोर्ट कसे करायचे हे ६२ टक्क्यांना माहीत होते, पासवर्ड बदलणे ५७.७ टक्क्यांना, आपले प्रोफाइल खासगी करणे ५५.२ टक्क्यांना. म्हणजे समाजमाध्यमांवर वावरणाऱ्या दर दहा मुलांपैकी चारांना दार आतून लावता येत नाही. शाळेच्या कुठल्या विषयात हे शिकवले जाते? आणि कुठल्या चाचणीत येते?

राज्य सरकारला हे कौशल्य महत्त्वाचे वाटत नाही असेही म्हणता येत नाही, कारण ते गृहीत धरूनच कारभार चालतो. २०२५-२६ पासून अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश सगळ्या राज्याला लागू झाला. पूर्वी तो मुंबई महानगर, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती एवढ्यापुरता होता. आता दुर्गम तालुक्यातल्या दहावी झालेल्या मुलाने नोंदणी करायची, अर्जाचे भाग भरायचे, महाविद्यालयांचा पसंतीक्रम लावायचा, फेऱ्यांच्या तारखा पाळायच्या. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर पुन्हा हेच. प्रत्यक्षात मुले सायबर कॅफेत किंवा सेवा केंद्रात जातात आणि काउंटरपलीकडचा तरुण त्यांचा पसंतीक्रम भरतो. जे कौशल्य दहा वर्षांच्या शाळेत एकदाही तपासले नाही, त्यावर सोळाव्या वर्षी भवितव्य टांगायचे, असा हा न्याय आहे.

आता तिसरा प्रश्न. यंत्र आहे, वापरताही येते, पण त्याने शिकणे सुधारते का? इथे पुरावा बराच आहे आणि त्यातला काही फार बोलका आहे. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या खैरात इथल्या छोट्या शाळेत २००७ मध्ये ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जगभर गाजलेल्या मोहिमेचा देशातला पहिला प्रयोग झाला. हिरव्या-पांढऱ्या रंगाचे ते लॅपटॉप पाहायला पत्रकारांची रीघ लागली होती. केंद्राच्या शिक्षण खात्याने त्याआधीच, २००६ मध्ये, ही कल्पना नाकारली होती. पेरूने मात्र ती मोठ्या प्रमाणावर राबवली. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा काटेकोर अभ्यास झाला तेव्हा दिसले की मुलांना लॅपटॉप चालवता येऊ लागला, पण गणितात आणि भाषेत काहीच फरक पडला नाही. शिक्षकाने त्या यंत्राचे काय करायचे, हे कोणी ठरवलेच नव्हते. २०१५ मध्ये ओईसीडीनेही असेच नोंदवले: ज्या देशांनी शाळांतल्या संगणकांवर भरमसाट खर्च केला, त्यांच्या मुलांच्या वाचनात, गणितात, विज्ञानात उल्लेखनीय सुधारणा दिसली नाही.

याउलट वडोदऱ्याचा अनुभव. गुजरात सरकारने तिथल्या महापालिका शाळांना चार-चार संगणक दिले होते आणि बहुतेक पडून होते. ‘प्रथम’ने चौथीच्या मुलांसाठी त्यांवर गणिताचे खेळ बसवले. एका संगणकावर दोन मुले, आठवड्याला दोन तास. बॅनर्जी, डुफ्लो, कोल आणि लिंडेन यांनी केलेल्या अभ्यासात गणिताचे गुण स्पष्टपणे वाढलेले दिसले. वर्षभराने त्यातला बराचसा लाभ ओसरला, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे. पुढे लिंडेन यांनी अहमदाबादच्या ज्ञानशाळेच्या वर्गांत पाहिले की हाच प्रकार चांगल्या चाललेल्या तासाच्या जागी आणला तर मुले मागे पडतात आणि शाळेनंतर जादा म्हणून दिला तर पुढे जातात. दिल्लीत मुरलीधरन, सिंग आणि गॅनिमियन यांनी ‘माइंडस्पार्क’चा अभ्यास केला. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत चांगली वाढ झाली, कारण ते सॉफ्टवेअर नववीतल्या मुलाला त्याच्या पाचवीच्या पातळीवरून प्रश्न देत होते. पाठ्यपुस्तकाला ती सवलत देता येत नाही.

या अभ्यासांतून मला एकच गोष्ट घ्यावीशी वाटते. तंत्रज्ञानाचा वर्गातला वापर किती झाला हे मोजणे निरर्थक आहे, तो कशाच्या जागी झाला हे मोजायला हवे. कडधान्याला मोड येताना पाहण्याऐवजी त्याचा व्हिडिओ दाखवला तर शाळेने काहीतरी गमावले. ज्वालामुखी किंवा हृदयाच्या झडपा दाखवल्या तर कमावले. त्यामुळे पाठ पाहायला आलेल्या केंद्रप्रमुखांनी ‘टीव्हीचा वापर केला’ असा शेरा लिहून भागणार नाही. इथे तो का वापरला आणि नसता वापरला तर काय बिघडले असते, हे शिक्षकाला विचारायला हवे. चांगल्या शिक्षकाला कधीकधी ‘आज मुद्दामच वापरला नाही’ असे सांगता यावे आणि त्याबद्दल त्याचे गुण कापले जाऊ नयेत.

इथे एक कडवट वस्तुस्थितीही नोंदवावी लागेल. शिक्षकांच्या हातातले तंत्रज्ञान सर्वांत जास्त वापरले जाते ते वर माहिती पाठवायला. २०१५ ची ‘सरल’ प्रणाली, यू-डायस, शालार्थ, आधार पडताळणी, प्रशिक्षणाची हजेरी, उपक्रमाचे फोटो. २०२३ च्या अखेरीस विद्यार्थ्यांची हजेरी चॅटबॉटवर घ्यायचे ठरले, मग नियतकालिक चाचण्यांचे गुणही तिथेच चढवायचे आले. विद्या समीक्षा केंद्राच्या पडद्यावर राज्याचे चित्र क्षणात दिसावे, ही इच्छा गैर नाही. पण शिक्षकांच्या ग्रुपवर दिवसभर ‘लिंक भरा’ हेच दोन शब्द फिरत असतील, तर त्यांच्या लेखी तंत्रज्ञान म्हणजे वरून आलेले काम. दोनशिक्षकी शाळेत एकजण लिंक भरायला बसला की चार वर्गांपैकी दोन वर्गांना शिक्षक उरत नाही. तंत्रज्ञानाच्या वापराचे मूल्यमापन करताना या वेळेचाही हिशेब मांडला गेला पाहिजे. तो कोणत्याही प्रपत्रात विचारला जात नाही.

दुसरीकडे काय चालते याकडेही पाहू. केरळने २००१ मध्ये ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ सुरू केले, पुढे त्याची ‘काइट’ ही संस्था झाली. तिथे मुक्त सॉफ्टवेअर वापरतात, पाठ्यपुस्तके मल्याळममध्ये आहेत आणि दहावीच्या मुलाला आयटीची प्रात्यक्षिक परीक्षा संगणकावर बसून द्यावी लागते. दहावीच्या परीक्षेत एखादी गोष्ट आली की शाळेला ती शिकवावीच लागते, लॅब उघडी ठेवावीच लागते. परीक्षेच्या धाकाचा मी चाहता नाही, पण कुलूप उघडण्यापुरता तो कामाला येतो. गोव्यात मुख्यमंत्री मनोहर पर्रीकरांच्या काळात मुलांना संगणक देण्याची योजना झाली. अलीकडे ‘केअर्स’ योजनेतून शाळांत कोडिंग आणि रोबोटिक्स आले आहे. राज्य लहान असल्याने सगळ्या मुलांची कृतीवर आधारित चाचणी घेणे तिथे सहज शक्य आहे आणि ती घेतली तर इतरांना धडा मिळेल. महाराष्ट्रात बारावीची माहिती तंत्रज्ञानाची परीक्षा ऑनलाइन होते, पण तो विषय घेणाऱ्यांपुरतीच. विषय न घेणाऱ्या लाखो मुलांविषयी मंडळाकडे काहीच माहिती नाही.

हे सगळे सुटण्याआधीच पुढचा विषय दारात आला आहे. २०२६-२७ पासून तिसरीपासूनच कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचार शिकवण्याची घोषणा केंद्राने केली आहे. ज्या मुलीने अजून देवनागरीत चार ओळी टाइप केलेल्या नाहीत, तिला यंत्र कसे शिकते ते सांगायचे. आणि मोठ्या वर्गांत तर एक वेगळीच पंचाईत झाली आहे. चॅटजीपीटी आल्यापासून मुलाने सादर केलेला प्रकल्प हा त्याला काय येते याचा पुरावा राहिलेला नाही. रंगीत मुखपृष्ठाचा, बिनचूक मराठीतला निबंध पाहून आता काहीच ठरवता येत नाही. समोर बसवून, करताना पाहून, ‘हे तू का निवडलेस’ असे विचारूनच कळेल. म्हणजे ‘असर’चा स्वयंसेवक अंगणात बसून जे करतो तेच वर्गात करावे लागेल.

ते अशक्य नाही. नियतकालिक चाचण्यांच्या काळात प्रत्येक शाळेतल्या पाच-सहा मुलांना चिठ्ठी टाकून निवडावे आणि प्रत्येकाला वीस मिनिटे उपकरणावर बसवावे. कामे मराठीत आणि आयुष्यातली असावीत. पीकविम्याची मुदत शोध आणि ती सरकारी संकेतस्थळावरूनच घेतलीस हे दाखव. या दोन बातम्यांतली खोटी कोणती आणि कशावरून? मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज देवनागरीत टाइप करून पाठव. गावातल्या आठ दिवसांच्या पावसाचा तक्ता करून सर्वांत जास्त पाऊस कधी पडला ते सांग. आपले खाते खासगी कर. निकाल शाळेच्या प्रतवारीला किंवा शिक्षकाच्या सेवापुस्तकाला जोडू नये, नाहीतर दुसऱ्याच वर्षी या पाच कामांची गाइडे निघतील. तपासायला शेजारच्या केंद्रातले शिक्षक असावेत आणि ज्या कंपनीने यंत्रे किंवा सॉफ्टवेअर विकले तिच्या अहवालाला या मोजमापात जागा नसावी. विकणारानेच तपासायचे, ही आजची रीत आहे. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक अहवालाची मोठी तक्रार हीच होती की शैक्षणिक तंत्रज्ञानाविषयी निःपक्षपाती पुरावा फार थोडा आहे आणि बराचसा तो विकणाऱ्यांकडूनच येतो.

शासन हे कधी करेल ते करेल. तोवर शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांना एक विनंती. पुढच्या बैठकीत शाळेत संगणक किती, असे विचारू नका, तो आकडा यू-डायसमध्ये आहेच. लॅबची किल्ली कोणाकडे असते, गेल्या आठवड्यात ती किती वेळा उघडली, आणि सातवीतल्या मुलींपैकी किती जणी त्या यंत्रासमोर एकट्या बसल्या, एवढे विचारा. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा विचारा.